आकडा सगळ्यात शेवटी ठरतो

प्रश्न : डॉक्टरबाई, सप्रेम नमस्कार. माझे वय ३४ वर्षे, उंची १५७ सेंटिमीटर आणि वजन ५२ किलो आहे. मी साताऱ्याजवळच्या एका शाळेत शिक्षिका आहे. दोन्ही मुलांना मी भरपूर दिवस अंगावर पाजले. धाकट्याचे दूध तोडून आता दीड वर्ष झाले. त्यानंतर माझे स्तन इतके ओसरले आहेत की वरचा भाग अगदी रिकामा दिसतो आणि पॅड लावल्याशिवाय ब्लाउज बसत नाही. मिस्टरांची हरकत नाही आणि आग्रहही नाही. विचार माझा आहे आणि पैसेही मीच साठवले आहेत. पुण्यात तीन प्लॅस्टिक सर्जनांना भेटले. पहिल्यांनी २२५ सीसीचे गोल, गुळगुळीत इम्प्लांट (म्हणजे स्तनात बसवायची सिलिकॉन जेलची पिशवी) स्नायूखाली बसवू असे सांगितले आणि स्तन वर उचलण्याची शस्त्रक्रियाही कदाचित लागेल, असे म्हणाले. दुसऱ्यांनी २७५ सीसीचे, थेंबाच्या आकाराचे आणि खरखरीत पृष्ठभागाचे सुचवले. तिसऱ्यांनी ३५० सीसीचे हाय प्रोफाइल इम्प्लांट स्नायूच्या वर बसवू असे सांगितले. ‘एवढा खर्च करताय, तर फरक दिसायला नको का?’ असे त्यांचे म्हणणे. पहिल्या सर्जनांनी लिहून दिलेली मापे अशी : स्तनाच्या पायाची रुंदी ११.५ सेंमी, वरच्या भागातली चिमूट १.५ सेंमी, स्तनाग्र स्तनाखालच्या घडीच्या रेषेत. मला नटीसारखे दिसायचे नाही. साडीत कोणाच्या लक्षात येऊ नये, पण ब्लाउज पॅडशिवाय भरावा, एवढेच. यातले कोणते निवडू? माझ्या मावशीला ४६व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला होता, त्याचा काही संबंध येतो का? दिवाळीच्या सुट्टीत हे उरकून घ्यावे असे मनात आहे, कारण मार्गशीर्षात पुतणीचे लग्न आहे.
— एक वाचक, सातारा

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमचे पत्र मी दोनदा वाचले, कारण त्यात तुम्ही मापे दिली आहेत. या विषयावरच्या पत्रांत ती सहसा नसतात. असतो तो एखाद्या अभिनेत्रीचा फोटो आणि ‘किती सीसी लागतील?’ हा प्रश्न. तीन सर्जनांनी तीन आकडे सांगितल्यामुळे तुम्ही गोंधळला आहात, पण त्या तिघांनी एकाच प्रश्नाची तीन उत्तरे दिलेली नाहीत. पहिल्यांनी तुमच्या अंगावर काय मावेल ते पाहिले, दुसऱ्यांनी आकार कसा दिसेल ते पाहिले आणि तिसऱ्यांनी फरक किती दिसेल ते पाहिले. तुम्हाला काय हवे आहे ते तुमच्या एका वाक्यात स्वच्छ आले आहे : साडीत लक्षात येऊ नये, पण ब्लाउज भरावा. ते वाक्य तुम्ही तिघांसमोर याच शब्दांत म्हणाला होतात का? नसाल, तर पुढच्या भेटीत सगळ्यात आधी तेच म्हणा.

मी शस्त्रक्रिया करत होते तेव्हा बायकांना एक काम सांगत असे. पहिल्या बाळंतपणाआधी शिवलेला आणि तेव्हा अंगाला नीट बसणारा एखादा ब्लाउज कपाटातून शोधून आणा, त्यातही कटोरीचा असेल तर उत्तम. तो घातला की कटोरीत कुठे सुरकुती पडते, पोकळी वरच्या टोकाला आहे की खाली टक्सपाशी, बाजूची शिलाई ओढली जाते का, हे सगळे आरशात दिसते. फोटो दुसऱ्या बाईच्या छातीचा असतो, ब्लाउज मात्र तुमच्याच छातीच्या मापाचा असतो. दूध सुटल्यानंतर ओसरलेल्या स्तनात पोकळी बहुधा वर असते आणि उरलेली त्वचा खाली सैल पडते. त्यामुळे किती भरायचे याच्या आधी कुठे भरायचे हे ठरावे लागते. हा ब्लाउज घेऊन सर्जनकडे जायला संकोच वाटत असेल, तर वाटू देऊ नका. शिंप्यापुढे आपण तो ठेवतोच.

आता आकड्याविषयी. सीसी हे इम्प्लांटच्या घनफळाचे माप आहे आणि त्याचा ब्राच्या कपाशी थेट हिशेब जुळत नाही. ३४ची ‘सी’ आणि ३६ची ‘बी’ यांत साधारण सारखाच ऐवज मावतो, हे अंतर्वस्त्रांच्या दुकानात काम करणाऱ्या मुलींना पाठ असते. शिवाय दोन कंपन्यांचा एकच कप सारखा निघेल याची खात्री नाही. ‘मला सी कप करून द्या’ असे म्हणणे म्हणजे ‘मला मोठी साडी द्या’ म्हणण्यासारखे आहे. आणि तेच २५० सीसी अरुंद छातीच्या बाईला ठसठशीत दिसतात, तर रुंद खांद्यांच्या उंच बाईला जाणवतही नाहीत. म्हणून मैत्रिणीने किती घातले हे विचारून काही उपयोग होत नाही.

खरे माप तुमच्या कागदावर पहिल्याच ओळीत आहे : पायाची रुंदी ११.५ सेंमी. छातीच्या मधल्या हाडाजवळ स्तन जिथे सुरू होतो तिथपासून काखेच्या बाजूला तो जिथे संपतो तिथपर्यंतचे हे सरळ अंतर असते. इम्प्लांटचा व्यास या अंतराच्या आत राहिला, म्हणजे साधारण ११ सेंमीच्या आसपास, तर त्याची कड तुमच्या स्वतःच्या ऊतींखाली झाकली जाते. व्यास त्याहून मोठा झाला की इम्प्लांट एकतर मध्यभागी येऊन दोन्ही स्तन एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात, नाहीतर ते काखेकडे सरकते आणि हात खाली सोडला की दंडाला लागते. ‘केलेले’ दिसणे ज्याला म्हणतात, त्याचे निम्मे कारण हे रुंदीचे गणित चुकणे आहे.

रुंदी ठरली की उरतो पुढे येण्याचा भाग, ज्याला प्रोफाइल म्हणतात. एकाच व्यासात कमी, मध्यम, जास्त आणि फार जास्त उंचीची इम्प्लांट मिळतात. उंची वाढली की त्याच रुंदीत सीसी वाढतात. पाटावर रांगोळी सांडली तर ती पसरट बसते आणि तीच वाटीत दाबून उपडी केली तर उंच उभी राहते, तसा हा प्रकार आहे. कंपन्यांचे छापील तक्ते असतात. त्यांत प्रत्येक इम्प्लांटचा व्यास, उंची आणि घनफळ दिलेले असते. तो तक्ता सर्जनच्या टेबलाच्या खणात असतोच, तो मागून पाहा. २२५ सीसीचे मध्यम किंवा त्याच्या जरा वरच्या प्रोफाइलचे इम्प्लांट तुमच्या रुंदीत बहुतेक तक्त्यांनुसार नीट बसते. ३५० सीसी हे हाय प्रोफाइलमध्ये सुद्धा साडेअकरा सेंमीच्या आसपास जाते, म्हणजे तुमच्या स्तनाच्या पायाची सगळी रुंदी व्यापते आणि कड झाकायला जागाच उरत नाही. त्याहून वरच्या, फार उंच प्रोफाइलमध्ये ते रुंदीत कसेबसे मावेल, पण मग छातीवर चेंडू ठेवल्यासारखा गोल उभार येईल आणि तो पदराखाली झाकला जाणार नाही.

दुसरी ओळ चिमटीची. वरच्या भागातली त्वचा आणि तिच्याखालची चरबी-ग्रंथी चिमटीत धरून तिची जाडी मोजतात. ती दोन सेंमीपेक्षा कमी असेल, तर इम्प्लांट झाकायला तुमचा स्वतःचा थर अपुरा पडतो आणि निदान वरचा भाग तरी स्नायूच्या आड ठेवावा, हा या शाखेतला रुळलेला नियम आहे. तुमची चिमूट १.५ आहे. अशा वेळी इम्प्लांट स्नायूच्या वर, फक्त ग्रंथीखाली ठेवले, तर वरची कड दिसण्याची, आणि पुढे वाकल्यावर त्वचेवर पाण्यातल्या लाटांसारख्या सुरकुत्या उमटण्याची शक्यता बरीच वाढते. वरचा भाग छातीच्या मोठ्या स्नायूखाली आणि खालचा भाग ग्रंथीखाली, अशी रचना हल्ली बरेच सर्जन करतात. तिला ड्युअल प्लेन म्हणतात. स्नायूखाली ठेवण्याचे तोटेही आहेत. पहिले आठ-दहा दिवस दुखणे जास्त असते, आणि दोन्ही तळवे एकमेकांवर जोरात दाबले किंवा सूर्यनमस्कारात हातांवर भार घेतला की स्नायू आवळला जाऊन इम्प्लांट थोडे हलताना दिसते. हे तुम्हाला चालेल का, हे आधीच ठरवा. माझ्या मते तुमच्या चिमटीला दुसरा चांगला पर्याय नाही.

तिसऱ्या सर्जनांचे ‘फरक दिसायला नको का’ हे वाक्य मला आवडले नाही. फरक दिसू नये, हीच तर तुमची अट आहे. शिवाय वजनाचा विचार करा. सिलिकॉन जेल पाण्यापेक्षा किंचित हलके असते, म्हणजे ३५० सीसीचे एक इम्प्लांट साधारण ३४० ग्रॅम आणि दोन मिळून पाऊण किलोच्या जरा खाली. हे वजन ज्या त्वचेवर टांगायचे, ती दोन बाळंतपणांत ताणून आधीच सैल झालेली आहे. मोठे इम्प्लांट सैल त्वचा भरून काढते, त्यामुळे पहिल्या वर्षी ओघळलेपण झाकले जाते आणि फोटो सुरेख येतात. मात्र तेच वजन पुढच्या वर्षांत ऊती पातळ करते आणि खालची घडी उतरवते. मग जी दुरुस्ती करावी लागते ती पहिल्या शस्त्रक्रियेपेक्षा अवघड असते.

आता तुमच्या कागदावरची तिसरी ओळ, जिच्याकडे तुमचे आणि दोन सर्जनांचे लक्ष गेलेले दिसत नाही. स्तनाग्र घडीच्या रेषेत आहे. इम्प्लांट स्तन भरते, वर उचलत नाही. स्तनाग्र घडीच्या वर असेल तर नुसते इम्प्लांट पुरते, ते घडीच्या बरेच खाली गेले असेल तर नुसत्या इम्प्लांटने भागत नाही, आणि तुम्ही नेमक्या उंबरठ्यावर आहात. आरशासमोर ब्रा न घालता सरळ उभ्या राहा, स्तनाखालच्या घडीत एक फूटपट्टी आडवी धरा आणि स्तनाग्र पट्टीच्या वर, रेषेत की खाली आहे ते दोन्ही बाजूंना पाहा. एका बाजूला वेगळे असू शकते; दोन्ही स्तन हुबेहूब सारखे अशी बाई मी फारशी पाहिली नाही. इथे चूक झाली की काय होते ते मी पाहिले आहे : इम्प्लांट स्नायूखाली वर अडकून राहते आणि जुना स्तन त्यावरून खाली ओघळतो, म्हणजे बाजूने पाहिले की एकाखाली एक दोन उंचवटे दिसतात. साडीत तर ते दिसतातच, पंजाबी ड्रेसमध्ये अधिक दिसतात.

त्यामुळे पहिल्या सर्जनांनी ‘उचलण्याची शस्त्रक्रिया कदाचित लागेल’ असे म्हटले, तेव्हा त्यांनी खर्च वाढवला असे समजू नका. त्या शस्त्रक्रियेत जादा त्वचा काढून स्तनाग्र वर आणतात. तिचा व्रण स्तनाग्राच्या वर्तुळाभोवती राहतो आणि गरजेप्रमाणे तिथून खाली घडीपर्यंत उभा जातो. आपल्या सावळ्या त्वचेवर हा व्रण काही महिने लालसर किंवा गडद राहतो, काहींना जाड होतो. तुमच्या अंगावर सिझेरियनचा किंवा लसीचा व्रण कसा भरला आहे ते सर्जनना दाखवा. दोन्ही शस्त्रक्रिया एकाच वेळी करता येतात, पण एकीकडे त्वचा आवळायची आणि दुसरीकडे आतून भरायचे, असे दोन उलटे ताण एकदम आल्याने पुन्हा दुरुस्ती लागण्याचे प्रमाण वाढते. काही सर्जन म्हणूनच आधी उचलतात, काही महिने थांबतात आणि मग भरतात. गंमत अशी की नुसते उचलल्यावरच समाधान झाले आणि इम्प्लांटची गरज वाटली नाही, असे म्हणणाऱ्या बायकाही मला भेटल्या आहेत. तुमचा वरचा भाग रिकामा असल्याने तुमच्या बाबतीत तसे होईलच असे मी म्हणत नाही. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या सर्जनांना फोन करून एवढेच विचारा : ‘स्तनाग्र घडीच्या रेषेत असताना उचलण्याची गरज नाही असे आपण का ठरवले?’ त्यांच्या उत्तरावरून पुष्कळ कळेल. ड्युअल प्लेनमध्ये खालचा भाग नीट मोकळा केला तर सौम्य ओघळलेपण कधी कधी सुटते, असे कोणी समजावून सांगितले तर ते खोटे नाही.

थेंबाचा आकार कानाला नैसर्गिक वाटतो आणि त्याच्यामुळेच दुसरा पर्याय तुम्हाला मोहात पाडत असेल. अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये १९६२ साली क्रोनिन आणि जेरो या डॉक्टरांनी पहिले सिलिकॉन इम्प्लांट बसवले, तेही थेंबाच्याच आकाराचे होते, म्हणजे ही काही नवी युक्ती नव्हे. त्याची अडचण ही की आत ते फिरले तर स्तनाचा आकारच वाकडा होतो. गोल इम्प्लांट फिरले तरी काही कळत नाही. फिरू नये म्हणून थेंबाच्या इम्प्लांटचा पृष्ठभाग सहसा खरखरीत करतात, आणि याच पृष्ठभागाशी एका विरळ लिम्फोमाचा संबंध जोडला गेला आहे. हा इम्प्लांटभोवतीच्या आवरणात होणारा रोगप्रतिकार पेशींचा कर्करोग आहे. बहुधा काही वर्षांनी एका स्तनाला अचानक सूज येऊन, आत पाणी साठून तो लक्षात येतो. फ्रान्सने एप्रिल २०१९ मध्ये जास्त खरखरीत इम्प्लांटवर बंदी घातली आणि त्याच वर्षी जुलैत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सांगण्यावरून अ‍ॅलर्गन कंपनीने आपली बायोसेल जातीची इम्प्लांट जगभरातून परत घेतली. धोका विरळ आहे, वेळेत सापडला तर इम्प्लांट आणि आवरण काढून बहुतेक जणी बऱ्या होतात, आणि सगळे खरखरीत पृष्ठभाग सारखेही नसतात. तरीसुद्धा केवळ आकारासाठी हा धोका पत्करावा असे तुमच्या मापांत मला काही दिसत नाही. उभे राहिल्यावर गोल इम्प्लांटमधले जेलही खाली उतरते आणि मध्यम प्रोफाइलच्या गोल इम्प्लांटचा उतार बराचसा थेंबासारखाच दिसतो.

मिठाच्या पाण्याचे इम्प्लांट तुम्हाला कोणी सुचवलेले नाही, ते योग्यच झाले. पातळ थराखाली त्याच्या सुरकुत्या जास्त दिसतात. छेद बहुधा स्तनाखालच्या घडीत, चार-पाच सेंटिमीटरचा घेतात आणि तो घडीत लपतो. उचलण्याची शस्त्रक्रिया सोबत झाली तर तिच्याच छेदातून काम होते.

आकड्याचा अंदाज घरच्या घरी घेता येतो. मापाच्या कपाने २०० मिलिलिटर तांदूळ मोजा, जुन्या पायमोज्यात किंवा मलमलीच्या तुकड्यात भरून सैलसर गाठ मारा, असे दोन करा आणि पॅड नसलेल्या, ताणणाऱ्या ब्रामध्ये बसवा. वरून रोजचा ब्लाउज घाला, साडी नेसा आणि आरशासमोर दोन मिनिटे उभे राहण्यावर थांबू नका. ते घालून वह्या तपासा, जिना चढा-उतरा, भाजी आणायला जा, रविवारी दिवसभर घालून पाहा. पुढच्या रविवारी २५०, त्याच्या पुढच्या रविवारी ३००. तांदूळ जेलपेक्षा हलका असतो, म्हणून खऱ्या वजनाची कल्पना यावी इतपतच समजा. आणि स्नायूखाली गेलेले इम्प्लांट बाहेरून लावलेल्या पुरचुंडीपेक्षा जरा कमी दिसते. तिसऱ्या रविवारी संध्याकाळी खांदे दुखले आणि ते काढल्यावर बरे वाटले, तर तीही माहितीच आहे. बऱ्याच सर्जनांकडे मोजमापाची नमुना इम्प्लांटही असतात, काही ठिकाणी त्रिमित छायाचित्रावर संगणक अंदाज दाखवतो. संगणकावरचे चित्र मोहक असते, पण ते तुमच्या त्वचेचा सैलपणा ओळखत नाही.

मावशींविषयी तुम्ही एका ओळीत लिहिलेत. ते मात्र तिन्ही सर्जनांना सांगितले होते की नाही, ते लिहिले नाही. इम्प्लांटमुळे नेहमीच्या स्तनकर्करोगाची शक्यता वाढते असे आजवरच्या अभ्यासांत दिसलेले नाही. पण ४६व्या वर्षी झालेला आजार लवकरचा आहे. आईकडच्या आणखी कोणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला होता का, हे आई आणि मामांना विचारा आणि तसे असेल तर इम्प्लांटच्या आधी आनुवंशिक सल्लागारांना भेटा. नसले तरी शस्त्रक्रियेपूर्वी स्तनांची सोनोग्राफी, आणि डॉक्टर म्हणतील तर मॅमोग्राफी, करून ते अहवाल जपून ठेवा. पुढे काही शंका आली तर तुलनेला तेच उपयोगी पडतात. इम्प्लांटनंतर मॅमोग्राफी करताना इम्प्लांट मागे सरकवून जादा फोटो घ्यावे लागतात, म्हणून टेक्निशियनला आधीच सांगायचे असते. इम्प्लांट स्नायूखाली असेल तर ग्रंथी जरा अधिक मोकळी दिसते, हाही तुमच्यासाठी एक मुद्दा आहे.

इम्प्लांट जन्मभर टिकत नाही, हे तिघांपैकी किती जणांनी आपणहून सांगितले? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या म्हणण्याप्रमाणे सौंदर्यासाठी इम्प्लांट घेतलेल्यांपैकी २० टक्क्यांपर्यंत बायकांना आठ ते दहा वर्षांत ती काढावी लागतात. त्याच खात्याने ऑक्टोबर २०२१ मध्ये इम्प्लांटच्या वेष्टनावर ठळक चौकटीत इशारा छापणे आणि शस्त्रक्रियेआधी रुग्णासोबत एक यादी वाचून सह्या घेणे बंधनकारक केले. काढण्याचे नेहमीचे कारण म्हणजे शरीराने इम्प्लांटभोवती धरलेले आवरण कडक होणे, ज्याला कॅप्सुलर कॉन्ट्रॅक्चर म्हणतात. ते थोडे असले तर हाताला घट्ट लागते, वाढले तर आकार बिघडतो आणि दुखते. दुसरे म्हणजे सिलिकॉनचे इम्प्लांट आत फुटले तरी बाहेरून काही कळत नाही, म्हणून पाच-सहा वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी तीच तपासणी सांगितली जाते. काही बायकांना इम्प्लांटनंतर थकवा, सांधेदुखी, विसराळूपणा अशा तक्रारी होतात. त्यांचे नेमके कारण सांगता येत नाही, पण त्या खोट्या समजू नयेत. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते. आणखी मूल हवे असेल तर आत्ता थांबा.

पोटाची किंवा मांडीची चरबी काढून स्तनात भरण्याचा पर्यायही आहे. त्यातली बरीच चरबी शरीर शोषून घेते, एका वेळी साधारण एका कपाइतकीच वाढ मिळते आणि ५२ किलो वजनात पुरेशी चरबी सापडेल की नाही ही शंका आहे. तरी तुम्हाला मोठे व्हायचे नाही, फक्त वरची पोकळी भरायची आहे, म्हणून विचारून पाहायला हरकत नाही.

तीन सर्जनांपैकी निवड करताना पाटीवरची विशेषणे बाजूला ठेवून पदवी पाहा : प्लॅस्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी, आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक. शस्त्रक्रियेच्या दिवशी इम्प्लांटच्या खोक्यावरचे स्टिकर, ज्यावर कंपनी, लॉट आणि अनुक्रमांक असतो, ते तुमच्या फाइलमध्ये आणि तुमच्या कार्डावर चिकटवलेले पाहिजे. फ्रान्समधल्या पीआयपी कंपनीने वैद्यकीय जेलऐवजी औद्योगिक सिलिकॉन भरल्याचे २०१० मध्ये उघडकीला आले आणि २०१३ मध्ये तिचा मालक ज्याँ-क्लोद मास याला चार वर्षांची शिक्षा झाली. त्या वेळी ज्या बायकांकडे कार्ड होते त्यांना आपल्या अंगात काय आहे ते एका दिवसात कळले, बाकीच्या जुनी हॉस्पिटले शोधत फिरल्या. खर्चाचा कागद मागताना भूलतज्ज्ञ, इम्प्लांट, खोली, नंतरची खास ब्रा आणि सौंदर्य शस्त्रक्रियेवर लागणारा १८ टक्के जीएसटी हे सगळे त्यात धरले आहे का ते पाहा. आरोग्य विमा यातले काही देत नाही आणि पुढे इम्प्लांट काढण्याचा खर्चही बहुधा देणार नाही, तेव्हा साठवलेल्या पैशांतले थोडे मागे राहू द्या.

तुम्हाला तपासल्याशिवाय मी शेवटचा शब्द देऊ शकत नाही. पण या मापांवर माझा कौल पहिल्या सर्जनांच्या बाजूने आहे : गुळगुळीत, गोल, मध्यम प्रोफाइल, २०० ते २५०च्या दरम्यान, वरचा भाग स्नायूखाली, आणि उचलायचे की नाही याचा निकाल त्यांच्याकडून ‘कदाचित’ काढून घेऊन मगच तारीख.

आणि ती तारीख दिवाळीची नको. पहिले दोन आठवडे दंड खांद्याच्या वर नेता येत नाही, सहा आठवडे धाकट्याला कडेवर घेता येत नाही. चकलीची भाजणी मळणे, सोऱ्या दाबणे, तेलाची कढई उतरवणे हे सगळे नेमके छातीच्या त्याच स्नायूवर येते, आणि घरात कोणाला सांगायचे नाही असे ठरवले असेल तर दिवाळीत स्वयंपाकघरापासून लांब राहण्याचे कारण शोधून सापडणार नाही. सुट्टी संपली की फळ्यावर लिहायला हात वर करावाच लागेल. उन्हाळ्याची सुट्टी लांब असते, मे महिन्याच्या सुरुवातीला केलेत तर जूनमध्ये शाळा उघडताना तुम्ही फळ्यापर्यंत पोचाल. सूज उतरून इम्प्लांट आपल्या जागी बसायला मात्र तीन ते सहा महिने लागतात. सुरुवातीला ते वर चढलेले आणि ताठ दिसते, त्याने घाबरू नका. पुतणीच्या लग्नाचा ब्लाउज यंदा नेहमीच्या शिंप्याकडून नेहमीच्या मापाने, पॅड लावून शिवून घ्या, आणि त्याला बाजूच्या शिलाईत दोन्हीकडे एक-एक इंच कापड जास्त ठेवायला सांगा.